शेवंताच्या आप्पांचा धडा

वडगाव, शनिवार, श्रावण १९३४

शेवंता तीन दिवस शाळेत नाही, म्हणून आज तणतणतच तिच्या घरी गेले. बापानं पोरीला हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं असणार! पण ती तापानं निजलेली. आणि मागाच्या लाकडावर खडूनं गिरवलेली अक्षरं. वर्गातले खडूचे तुकडे इथं येतात तर!

आप्पांनी माग थांबवला. "बाई, ही साळंतनं येऊन शिकवती, तेवढंच माझं शिकणं. तीन दिस झालं, 'म'वरच अडकलोय बगा."

मी लगेच वाईटच का धरलं? खडूचं बोलणं गिळलं आणि उभ्याउभ्याच त्यांना 'य' काढून दिला.

उद्या रविवार, शाळा बंद. पण माझा हा विद्यार्थी वाट बघणार. जाताना खडू अख्खा न्यायचा.