चौदावं कलम

९ फेब्रुवारी

अर्पितने आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला, "ताई, ओरिजनल? कोणाला दाखवायचंय?" राजूरला त्याच्या दुकानातून कॉम्प्युटर नेणाऱ्या प्रत्येकाला तो पेनड्राईव्हवरून सगळं फुकट टाकून देतो. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा. मी म्हटलं, मला पावतीवालं पाहिजे. "नऊ वर्षं झाली दुकानाला. असं मागणाऱ्या पहिल्या तुम्हीच. मागवावं लागंल." ऑर्डर कुठल्या वहीत लिहायची हेच त्याला आठवेना.

येताना जीपमध्ये वाटत राहिलं — आपण त्याला चोर तर म्हटलं नाही?

जूनमध्ये टायपिंगची परीक्षा आहे. पास झाले तर लिपिकाच्या जागांना अर्ज करता येतो. चोरीच्या सॉफ्टवेअरवर शिकून सरकारी खुर्चीवर बसणं मला जमणार नाही.

१७ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरचा डबा आला. आत एक कागद, त्यावर पंचवीस अक्षरांचा नंबर. बाकी डबा रिकामा. मायने तो उलटा करून आपटून पाहिला. "एवढंच?"

नंबर दिला तर पडद्यावर करार उमटला, इंग्रजीतून. खाली चौकट — 'मला मान्य आहे'. शेजारची अक्षता म्हणाली, "दाब की." तीही परीक्षेला बसतेय. तिचं पेनड्राईव्हवालं आहे, तिला करार वगैरे काही आलाच नाही.

पण आमच्या घरात न वाचता दाबत नाहीत. आजोबांनी एकदा कशाच्या तरी कागदावर अंगठा दिला आणि कोणाच्या तरी भांडणात साक्षीदार झाले. सहा वर्षं कोर्टाच्या तारखा केल्या. भांडण कशाचं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून नियम — कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. आणि घरात वाचता येणारी मी पहिली. चौथीपासून औषधाची चिठ्ठी, बियाण्याची पिशवी, विजेची नोटीस, सगळं मोठ्याने वाचत आलेय. मी वाचलं की बाबांच्या लेखी ते पक्कं.

बाबा म्हणाले, "रोज थोडं वाच. घाई कोणाला हाय?"

मला आहे.

१८ फेब्रुवारी

पहिलं कलम. शब्दकोश मांडीवर घेऊन मराठी केलं — हे सॉफ्टवेअर आपल्याला विकलेलं नाही. वापरायची परवानगी दिली आहे.

माय: "मंग आपण इकत काय घेतलं?"

"परवानगी."

"बरं. जपून ठेव."

बाबा बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून ऐकत होते. ते ग्रामपंचायतीच्या पाण्याचा व्हॉल्व सोडतात. केदारखेड्यात कोणत्या गल्लीला किती आटे फिरवायचे, सगळं पेरांवर. लिहिता येत नाही, पण मोजणी चुकलेली कोणी पाहिली नाही.

२१ फेब्रुवारी

तिसरं कलम — एक मशीन, एक वापरणारा. आता प्रश्न असा की माय रोज पदराने कॉम्प्युटर पुसते. पुसणं म्हणजे वापरणं का? कराराच्या सुरुवातीला शब्दांचे अर्थ दिलेत, त्यात 'पुसणं' नाही. धोका नको म्हणून आता मीच पुसते. मायला करार फार आवडलाय.

२४ फेब्रुवारी

सहावं — सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते उघडून पाहायचं नाही. बाबा म्हणाले, "तीस वर्षं झाले व्हॉल्व फिरवून राह्यलो, आत काय हाय म्या बी पाह्यलं न्हाई. मान्य."

अक्षताचा वेग मिनिटाला बावीस शब्द झाला. मी अजून एक अक्षर टाइप केलेलं नाही.

१ मार्च

संपला करार.

बारावं — भांडण झालं तर ते कंपनीच्या गावच्या कोर्टात चालेल. "पुन्हा तारखा," माय म्हणाली. तेरावं — वरील सर्व मी वाचलं, मला समजलं आणि मान्य आहे.

"बाकीचे लोक न वाचताच असं म्हणतेत?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग खोटं कोण बोलून राह्यलं, पेनड्राईव्हवाले का हे?"

बाबांच्या एका हातावर बारा पेरं बसतात. तेराव्या कलमाला त्यांनी दुसरा हात काढला. मग उठले आणि माउसवर अंगठा दाबला. अंगठ्याला शाई लागली का ते पाहत राहिले.

३ मार्च

सकाळी सुरू केलं तर पडद्यावर — 'आपली प्रत अस्सल आहे का हे तपासायचे आहे. इंटरनेट जोडा.' घरात रेंज नाही, ती स्लॅबवर आहे. बाबांनी मशीन उचललं, मायने पडदा, मी वायरी. वर जाऊन मोबाईलवरून जोडलं. 'धन्यवाद. आपण अस्सल वापरकर्ते आहात.'

शेजारच्या स्लॅबवर अक्षता कपडे वाळत घालत होती. "काकू, कोणाचं चोरून आणलं?"

माय धापा टाकत म्हणाली, "आमचंच हाय. ते शाबीत करायला आणलं."

अक्षताला आजवर एकदाही कोणी विचारलेलं नाही, तू अस्सल आहेस का.

५ मार्च

पुन्हा विचारलं. पुन्हा स्लॅब.

१६ मार्च

जाफराबादचं स्थळ आलंय. राजानंद नाव. झेरॉक्स-फोटोचं दुकान आहे. फोटोत बरा दिसतो. त्याचे मामा, वसंता, फोनवर बाबांना म्हणाले, मे महिन्यातच उरकू. परीक्षा? "आता परीक्षा कशाला? आपल्याच दुकानात टायपिंग करंल की. कॉम्प्युटर बी संगं येऊ द्या."

मायला-बाबांना पसंत आहे. बाबांनी मला विचारलं, "काय म्हणती?" नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बघा तुम्ही."

१८ मार्च

आज वेग सतरा. चुका एकही नाही. जूनपर्यंत परीक्षेला लागणारे तीस सहज होतील. जूनपर्यंत इथे राहिले तर.

२३ मार्च

पाहुणे येऊन गेले. जय भीम झालं, पोहे झाले. राजानंद माझ्याकडे कमी आणि कॉम्प्युटरकडे जास्त पाहत होता. "ओरिजनल हाय म्हणे? चांगलंय. आपल्या चारी मशीनवर कॉपी मारू."

वसंतामामा म्हणाले, "मंग मे पक्का ना, सर्जेराव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "या सॉफ्टवेअरच्या कराराचं एक कलम आहे, वाचून दाखवू का?"

मामा हसले. "लग्नात कराराचं काय?"

बाबा म्हणाले, "आमच्यात वाचल्याबिगर काही ठरत न्हाई. वाच, भावना."

मी पडद्यासमोर बसले. वाचलं. कलम चौदा — नोंदणी केलेल्या वापरकर्त्याचं नाव आणि पत्ता एक वर्ष बदलता येणार नाही. बदलल्यास परवाना रद्द होईल, आणि नव्या पत्त्यावर जेवढे कॉम्प्युटर असतील त्या सगळ्यांची कंपनीचा माणूस येऊन तपासणी करेल.

राजानंदची कपबशी वाजली.

"सगळ्यांची?"

"असं आहे."

"दुकानातले बी?"

"पत्ता एकच असेल तर दुकानातलेही."

मामा म्हणाले, "मायला, पोरगी करून घ्यायची का धाड?" मायला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. राजानंदने मामांना बाहेर नेलं. पिंपळाखाली दोघं बराच वेळ बोलत होते. आत आले तेव्हा मामांचा आवाज उतरला होता. "काय हाय, जल्दी कोणालाच न्हाई. वर्षभर थांबू. पोरीची परीक्षा बी होऊन जाईल."

बाबा म्हणाले, "कराराम्होरं आपण काय करावं?" आणि त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले.

२४ मार्च

अठरा. पण चुका चार. जेवताना बाबांकडे पाहवलं नाही.

२५ मार्च

पहाटे बाबा व्हॉल्वला निघाले. दारात थांबले. उजव्या हाताची बारा पेरं मोजली, मग डाव्या हाताचं एक. तिथेच अंगठा ठेवून म्हणाले, "इथंच संपलं होतं ना?" मी मान हलवली. त्यांनी अंगठा एक पेर पुढे सरकवला. "ह्ये पण मान्य."