ढोलकी वेगळी, झांज वेगळी

बरखेडा, भोपाळ
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. बाळूदादा,

नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, म्हणून आधीच कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तर मीच विषय बदलते. कागद मध्ये तोंड घालत नाही, एवढं बरं आहे.

इकडे सगळं ठीक. थंडी पडलीये. बिट्टन मार्केटच्या हाटातून मेथी आणली, ती तशीच पडून आहे. निवडायला अंगात त्राण नाही. दिवसभर गोविंदपुऱ्यात कारखान्याच्या ऑफिसात बिलं करायची, घरी येऊन वरणभाताचा कुकर लावायचा, आणि मग कॉम्प्युटर. परवा ह्यांनी विचारलं, "तू आमच्यात राहतेस की त्या डब्यात?" मी म्हटलं, डब्यातच बरं आहे, तिथे कुणी चहा मागत नाही.

उज्जैनला शशीताईकडे तुझं कसं चाललंय? मनगटाचा व्यायाम करतोस, उशीवर स्टिक्स मारत बसतोस, असं ती म्हणाली. बरं.

मी कॉम्प्युटरवर काय करत होते ते सांगते. गेल्या वर्षी, तू स्कूटरवरून पडायच्या आधी, मला घरी कीबोर्डचा सराव करता यावा म्हणून तू तुझं ऑक्टापॅड माझ्या कॉम्प्युटरला जोडलंस आणि आपल्या ऑर्केस्ट्राची सगळी गाणी वाजवून ठेवलीस. ते मिडीत आहे. म्हणजे त्यात आवाज नाही, नुसती नोंद आहे: कुठला ठोका, केव्हा, किती जोरात. आवाज आपण मागून द्यायचा. जितेंद्र म्हणाला, "मंजूताई, ह्याचे खरे आवाज करून द्या, आणि एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर." ढोलकी वेगळी, झांज वेगळी, बास ड्रम वेगळा, म्हणजे साउंडवाल्या सुभाषला हॉल बघून कमीजास्त करता येईल. ऑर्केस्ट्रा त्याचा, मी कोण नाही म्हणणारी?

वाटतं सोपं. पहिल्या खेपेला सगळ्या फाइली काढल्या आणि प्रत्येकीत सगळंच वाजतंय! एक वाद्य काढताना बाकीची बंद करायची असतात, तेच विसरले. सुट्टी गेली पाण्यात. सुभाष म्हणाला, "दीदी, ये तो वही खिचड़ी है, बस कटोरियाँ अलग हैं."

मग एकेक वाद्य एकटं ऐकत बसले. स्नेअर ड्रम एकटा लावला तेव्हा कळलं, मोठ्या ठोक्यांच्या मध्ये तू डाव्या हाताने बारीक बारीक टिचक्या मारत असतोस. इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून कीबोर्ड वाजवला, मला कधी ऐकू आल्या नाहीत रे. जितेंद्रला ते खडे वाटले. म्हणाला, सगळे ठोके एका मापात आणा. कॉम्प्युटर एका बटणात करतो. मी नाही केलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तर ते इथलं कोलार रोडवरचं लग्न. तुला म्हटलं होतं, कार्यक्रम पुढे ढकललाय. नव्हता ढकलला. तुझ्या ट्रॅकवर झाला. आणि स्टेज रिकामं दिसू नये म्हणून जितेंद्रने तुझ्या पॅडमागे त्याचा मेहुणा मयूर उभा केला. पॅड बंद, हातात तुझ्या स्टिक्स. पठ्ठ्या नुसते हात हलवत होता, तेही बेताल. जेवणाच्या वेळी नवऱ्यामुलाचे काका आले, त्याची पाठ थोपटली, म्हणाले, "भैया, क्या हाथ है तुम्हारा!" मयूर हसला. मी शेजारीच प्लेट धरून उभी होते. गुलाबजाम खाल्ला.

आणि याहून वाईट सांगू? कार्यक्रम छान झाला. "लय सोडलीस" म्हणून कुणी माझ्यावर डोळे वटारले नाहीत, कुणी रुसून गाडीत जाऊन बसलं नाही. मला हलकं वाटलं, दादा. घाल शिव्या.

मेथी, सुभाष, मयूर करत करत इथवर आले, आता पळायला जागा नाही. तुझं मनगट पुन्हा कार्यक्रमात वाजवण्याजोगं होणार नाही. प्लास्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. आत तू हसत होतास, लग्नसराईला येतोच म्हणत होतास. ताई म्हणाली, हळूहळू सांगू. आपल्या घरात हळूहळू म्हणजे कधीच नाही. आणि जितेंद्र रोज विचारायचा, बाळू कधी येतोय, बाळू कधी येतोय. एक दिवस कंटाळून त्याला सांगून टाकलं. त्याला कळलं, तुला नाही. हे ट्रॅक त्यानंतरचे.

त्याला आता उरलेली सगळी गाणी हवीत, कायमची. माझ्याकडे तयार आहेत, पण दिलेली नाहीत. ती तू माझ्यासाठी वाजवली होतीस, आणि एकदा तुला न विचारता दिली ते पुष्कळ झालं. तू नको म्हणालास तर सगळं पुसून टाकीन आणि ऑर्केस्ट्राही सोडीन. तसाही जीव थकलाय. हो म्हणालास तर देईन, पण तुझ्या पॅडमागे कुणी सोंग घेऊन उभं राहणार नाही, हे जितेंद्रला बजावलंय. काय ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येते. ताईवर चिडू नकोस, ती आधीच रडरड रडलीये. मला दारात बघितलंस की आधी ओरडून घे. चहापाणी मग बघू.

तुला सगळ्यांच्या शेवटी सांगणारी
तुझी धाकटी,
मंजू