चहासंगं घेतलेली गोळी

बुधवार, संध्याकाळ. पांढरकवडा, जिनिंग कारखान्यातली खोली.

कापसाचा सीझन लागला की माह्यं नाक वाहतेच. सकाळी शिंका थांबेनात म्हणून मेडिकलवाल्याची गोळी चहासंगं घेतली. शिंका थांबल्या, पण ट्रॅक्टरवर बसलो तं डोळे जड. ट्रॅक्टरनं कापसाचा ढीग लोटाचा असते, अन् ढिगापाशीच बाया कचरा निवडत बसतात. एक डुलकी लागली तं? उतरलो अन् किल्ली मुकादमाच्या हातात देली.

"काहून रे नवरदेवा, झोप नाई झाली काय?"

"गोळी घेतली भाऊ. डोळे मिटून राह्यले. समोर बाया हायेत."

"अजून एक चहा मार. का दुसरा ड्रायव्हर पाहू?"

"पाहा," म्हटलं.

कुठून आलं हे तोंडात? ढाणकीहून एवढ्या दूर या ट्रॅक्टरसाठीच तं आलो. दिवसभर झाडू मारला. बाया हासल्या, हासू दे. दुपारच्या सुट्टीत तेवढं दवाखान्यात गेलतो. डॉक्टरनं झोप कमी आणणारी गोळी देली. म्हणे, पहिले सुट्टीच्या दिवशी घेऊन पाह, डोळे जड नाई झाले तरच ट्रॅक्टरवर बस.

आत्ता तांड्यावर याडीले, माह्या मायले, फोन करून सगळं सांगतलं. ती म्हणे, "बेटा, गेला काय ट्रॅक्टर हातचा?"

"मालूम नाई याडी. पण त्या बाया सगळ्या धडधाकट घरी गेल्या."

मंग ती फोन हातात तसाच धरून शेजारणीले सांगाले लागली, "मुकादम माह्या पोराले ट्रॅक्टरवर बस म्हणे, पण समोर बाया होत्या म्हणून हा बसला नाई."

मी फोन ठेवला नाई. आयकतच राह्यलो.