शिंपल्यांच्या मरणाचे कारण बदलून मिळणेबाबत

दिनांक : २२ मे २०२४
मुक्काम पाचोड, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
जलजीव संवर्धन व सल्ला कक्ष,
क्रांती चौकाच्या मागे, छत्रपती संभाजीनगर

विषय : शेततळ्यातील शिंपले ‘तुरटीमुळे’ मेले याऐवजी ‘दुष्काळामुळे’ मेले, असे सही-शिक्क्यानिशी लिहून मिळणेबाबत. (नुकसानभरपाई नको.)

संदर्भ : १. आपण स्वतः तळ्यावर येऊन केलेली पाहणी.
२. आपल्या कक्षाचे श्रीमती साळूबाई कडुबा नरवडे यांच्या नावे आलेले पत्र.
३. अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना निवडणुकीच्या कामामुळे उत्तर देणे झाले नसावे.

महोदया,

उपरोक्त विषयी अर्जदार गोकुळ कडुबा नरवडे खालीलप्रमाणे निवेदन करतो, ते कृपा करून शेवटपर्यंत वाचावे. मागचे अर्ज विषयापाशीच थांबले असावेत, अशी त्याला शंका आहे.

१. अर्जदार शहरालगतच्या एका कंपनीत यंत्रावर कामाला असून सुट्टीच्या दिवशी गावी येतो. आपल्या कक्षाने घेतलेले मोतीशेतीचे प्रशिक्षण करून त्याने गावच्या शेततळ्यात गोड्या पाण्यातले शिंपले सोडले. शिंपल्याच्या पोटात बारीक बीज ठेवायचे, शिंपले जाळीत घालून बांबूला टांगायचे आणि वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची, मग त्या बीजावर मोती चढतो, हे आपणच शिकवलेले असल्याने अधिक लिहीत नाही. जमीन आणि तळे अर्जदाराची आई साळूबाई हिच्या नावे आहे व राखणही तीच करीत होती. शिंपल्यांना ती ‘लेकरं’ म्हणे. सुरुवातीला घरातले सगळे हसले, पुढे सगळेच तसे म्हणू लागले.

२. त्याच प्रशिक्षणात कोकणातून आलेल्या एका व्याख्यात्यांनी समुद्राविषयी सांगितले होते. कोळशाचा, तेलाचा जो धूर जग सोडते, त्यातला वायू समुद्र पोटात घेतो आणि त्याचे पाणी हळूहळू आंबटपणाकडे झुकते. कालवे, तिसऱ्या, शिणाणे या समुद्रातल्या शिंपल्यांचे कवच चुन्याचे. पाणी तसे झाले की त्यांना कवच बांधणे जड जाते, बांधलेले झिजते, आणि सगळी ताकद कवच सांधण्यातच खर्ची पडून वाढायला काही उरत नाही. पहिला फटका अगदी लहान पिल्लांना बसतो. त्यावर पोट भरणारी माणसे किनाऱ्यावर हवालदिल होतील, असेही ते म्हणाले. अर्जदार मागच्या रांगेत होता. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा ही फिकीर आपली नाही, असे समजून त्याने जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली. घरी येऊन गंमत म्हणून सांगितले, तर आई विचारात पडली. म्हणाली, “समुद्रात येवढं मीठ असून नासतंय व्हय? मग आपल्या गोड्या पाण्याचं काय खरं हाय?”

३. गेल्या पावसाळ्याने पाठ फिरवली. विहिरी उन्हाळ्याआधीच कोरड्या पडल्या, धरण खाली गेले. शहर वाढत आहे. नवीन वसाहती, नवीन कंपन्या, आणि त्यांच्यासाठी मोठमोठ्या जलवाहिन्या. त्याबद्दल तक्रार करण्यास अर्जदाराला तोंड नाही, कारण त्याच वाहिनीचे पाणी तो कंपनीत पितो आणि हात धुतो. गावाला मात्र टँकर आला. टँकरमध्ये पाणी कमी आणि धरणाचा तळ जास्त. तोंडात घेतले तर दातांखाली रेती लागे. तळ्यातले पाणी आटून एका कोपऱ्यात गोळा झाले होते. सगळ्या जाळ्या तिथेच आणून टांगल्या आणि अर्जदाराने जास्तीचा टँकर विकत घेऊन त्यात सोडला. शिंपले जगवायचे तर दुसरा इलाज नव्हता.

४. आमच्याकडे टँकरचे पाणी कोणी तसेच पीत नाही. रांजणात ओतले की बाई तुरटीचा खडा हातात धरते आणि पाण्यात गोल गोल फिरवते. गाळ तळाला बसतो, वर निवळ पाणी राहते. साळूबाईने हे आयुष्यभर केले. सासूने तिला पहिल्या दिवशी दाखवलेले काम तेच, आणि सुनेला, म्हणजे अर्जदाराची पत्नी राजनंदिनी हिला, तिने पहिल्या दिवशी दाखवलेले कामही तेच. तळ्यातले मातकट पाणी बघून तिच्या जिवाला स्वस्थता राहिना. “माझ्या नातवंडाला म्या कदी गढूळ पाजलं नाय, अन् ही लेकरं दिवसभर त्याच्यातच लोंबकळतेत,” असे ती म्हणत असे. तिने बाजाराच्या दिवशी पिशवीभर तुरटी आणली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधली, धडपे काठीला बांधले आणि तळ्याच्या कडेला बसून रोज पाण्यातून ओढू लागली. शेजारच्या केसरबाईही घरचे खडे आणून देत. काही दिवसांत तळे इतके निवळले की पाणी मुरू नये म्हणून तळाला अंथरलेले प्लास्टिक दिसू लागले.

५. येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते की, त्या निवळ तळ्याचा फोटो अर्जदाराने आपल्या कक्षाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला असता त्यावर “आदर्श तळे” असा शेरा आला होता. शेरा कोणाचा, हे लिहून अर्जदार कोणाचे मन दुखवू इच्छित नाही. तो शेरा आईला वाचून दाखवल्यावर तिने दुसऱ्या दिवसापासून तुरटी वाढवली.

६. पुढे शिंपले पांढरे पडू लागले. जोडाजवळचा काळा पापुद्रा गेला, आतून खडूसारखा पांढुरका भाग दिसू लागला. साळूबाईने त्याचा अर्थ असा लावला की, मोती पिकला आणि त्याचा उजेड बाहेर येऊ लागला. तिने गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवले. प्रत्येकीच्या हातावर गूळ ठेवला. अर्जदारालाही फोनवर सांगितले, “गोकुळा, लेकरं उजळली बघ.” अर्जदाराला त्या वेळी कंपनीत यंत्राच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हते, तरी आनंद झाला. त्यानंतर आधी लहान शिंपले उघडे पडले, मग मोठे. हाताने दाबले तर कवच मोडत होते. वास गल्लीपर्यंत आला.

७. आपण बोलावल्याबरोबर आलात, याबद्दल अर्जदार आभारी आहे. आपण पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि विचारले की पाण्यात काही टाकता का. तेव्हा साळूबाई लगबगीने घरात गेली आणि धडप्यातली तुरटी घेऊन आली. आपल्याला शाबासकी मिळणार, असे तिच्या चेहऱ्यावर होते. आपण म्हणालात, “आजी, यानेच मेले हो ते.” आपला आवाज मऊ होता. तुरटीने पाणी आंबट होते, खाली प्लास्टिक असल्याने तो आंबटपणा मारायला माती नाही, आणि चुन्याचे कवच त्यात विरघळते, हे आपण समजावून सांगितलेत. कोकणातल्या व्याख्यात्यांनी सांगितलेले सगळे अर्जदाराला त्या क्षणी कळले, पण तोवर तळ्यात काही जिवंत उरले नव्हते. आपले म्हणणे खरे आहे. त्यात अर्जदाराला काडीचीही शंका नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे.

८. तरीही बोललेले विसरता आले असते. परंतु जमीन साळूबाईच्या नावे असल्याने आपल्या कक्षाने रीतसर पत्रही तिच्याच नावे पाठवले. ती वाचू शकत नाही. शेजारच्या बद्रीनाथने ते ओट्यावर बसून, सरकारी पत्र वाचावे तसे, मोठ्याने वाचून दाखवले. “सदर मृत्यूस तळेधारकाने केलेला तुरटीचा अतिवापर कारणीभूत आहे.” खाली गोल शिक्का. निजामाच्या काळापासून आमच्या घरात शिक्क्याचा कागद म्हणजे देवाचा शब्द मानतात. साळूबाईने कागद हातात घेऊन शिक्क्यावर बोट फिरवले आणि घरात जाऊन पडून राहिली.

त्या दिवसापासून तिने निवळलेले पाणी वर्ज्य केले आहे. टँकर आला की ती आपला तांब्या थेट नळीखाली धरते आणि गाळासकट पिते. राजनंदिनीने उकळून दिले, ते तिने सांडून टाकले. गाळून दिले, ते कुत्र्याला ठेवले. विचारले तर म्हणते, “त्यायनी गढूळच पेलं असतं तर जगले असते. मी बी तेच पेते.” तिला जुलाब लागले. सलाईन लावावे लागले. घरी आल्यावर पुन्हा तेच. डॉक्टरांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले की, या वयात पुन्हा असे झाले तर मूत्रपिंडे साथ देणार नाहीत. अर्जदार घाबरला आहे. हे वाक्य अर्जात बसत नाही, असे टंकलेखक म्हणाले, तरी ते राहू द्यावे.

९. यास्तव अर्जदाराने शिक्क्याचा उतारा शिक्क्यानेच पडेल असे मानून अन्यत्रही प्रयत्न केले. शिंपले हे पीक नसल्याने एके ठिकाणी अर्ज घेतला नाही. दुसरीकडे, जनावर असल्यास कानाला बिल्ला आहे का, असे विचारले. शिंपल्याला कान नसतो, असे सांगितल्यावर साहेबांनी हसून चहा पाजला, पण लिहून काही दिले नाही. तिसऱ्या ठिकाणी पंचनाम्यात गाय, म्हैस, बैल, शेळी असे रकाने होते. अर्जदाराने शेळीत लिहा म्हटले, तर गळ्यातला दोर कुठे आहे, असा प्रश्न आला. पाणी आंबट होण्याचा विषय सागरी असल्याने किनाऱ्याच्या जिल्ह्यात चौकशी करावी, असाही एक सल्ला मिळाला. तुमचे दार सोडून दुसरे दार उरलेले नाही.

१०. ‘दुष्काळामुळे’ असे लिहिणे खोटे होणार नाही, असे अर्जदारास वाटते. पाऊस पडला असता तर टँकर आला नसता. टँकर नसता तर गाळ नसता. गाळ नसता तर तुरटी नसती. माणूस विहिरीत पडून मेला तर मरणाचे कारण पाणी लिहितात, पण त्याला विहिरीपर्यंत कोणी नेले, तेही कुठेतरी लिहायला हवे. दुष्काळ लिहिणे नियमात बसत नसेल, तर ‘समुद्र’ लिहावे. आपल्याच व्याख्यात्यांनी सांगितले आहे की साऱ्या जगाचे पाणी आंबत चालले आहे आणि कवचाचे जीव सगळीकडे संकटात आहेत. येवढ्या मोठ्या समुद्रात आमचे एक शेततळे घातले तर कोणाचे काय बिघडणार आहे? धूर सोडणाऱ्यांना कोणी पत्र पाठवल्याचे ऐकिवात नाही. पत्र आले ते फक्त साळूबाईला. हा राग आहे, हे अर्जदार मान्य करतो.

येथवरचा मजकूर टंकलिखित झाल्यावर अर्जदाराने तो घरी नेला. राजनंदिनी तो तपासण्यासाठी मोठ्याने वाचत होती, आणि आई झोपली आहे असे आम्हांला वाटले होते. ती झोपली नव्हती. खाटेवरूनच म्हणाली, “कागद बदलला म्हणून ते उठून बसणार हायेत का? ती बाई खरं बोलली. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं लिवाया लावू नको, गोकुळा.” इतके बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्यामुळे वरील मागणी अर्जदार मागे घेत आहे. दुसरा कागद टंकून आणण्यास शहरात जावे लागेल आणि तेवढा वेळ नाही, म्हणून विषय आहे तसाच ठेवला असून पुढचे हाताने लिहीत आहे.

आता एकच विनंती आहे, आणि ती कोणत्या नियमात बसते, हे अर्जदारास ठाऊक नाही. आपण एकदा घरी यावे. पाहणीसाठी नव्हे. पाहुणी म्हणून यावे, भर दुपारी यावे, आणि आल्याबरोबर आईकडे प्यायला पाणी मागावे. सोबत बाटली आणू नये. घरच्यांसाठी ती काहीही करील, स्वतःच्या जिवावर उठेल, पण दारात आलेल्या पाहुण्याला गढूळ पाणी द्यायची तिची छाती होणार नाही. ती रांजणापाशी जाईल. राजनंदिनी तुरटीचा खडा जवळच ठेवील. तिने तो उचलला तर आपण काही बोलू नये. ती देईल तेवढे पाणी प्यावे आणि आणखी मागावे. शक्य झाल्यास, पाणी चांगले आहे, असे म्हणावे. ते खोटे होणार नाही.

तिने खडा उचलला नाही, तर मग अर्जदाराला पुढचे काही सुचत नाही. या अर्जाची प्रत तिच्या नावे पाठवू नये.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
गोकुळ कडुबा नरवडे

सोबत : काही नाही.

टीप : घर शोधताना अडचण आल्यास बाजारतळावर नरवडे म्हणून विचारून उपयोग होणार नाही, नरवडे पुष्कळ आहेत. ‘तुरटीवाल्या म्हातारीचं घर’ म्हटले की कोणीही आणून सोडील. दारात आल्यावर मात्र ते नाव घेऊ नये.