पाल्याचा अर्क शेवटी टाकावा

मी, महादेव गिरिधर भोयर, वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, राहणार जरीपटका, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो. डॉक्टरने फक्त बीपी सांगितला आहे, तरी लिहून ठेवलेलं बरं. अक्षर वाईट आहे, माफ करावं.

१. दोन खोल्यांचं घर माझ्या कमाईचं. ते पत्नी प्रयागबाईला, तिच्यानंतर मुलगा धर्मेंद्रला. गॅस खालून बंद करत जावा. पासबुक देव्हाऱ्यामागे आहे.

२. साबणाचा धंदा, म्हणजे कढई, लाकडी साचे, वजनकाटा, सगळं सून मिनलला एकटीला. धर्मेंद्रने राग धरू नये. कारण लिहितो.

अठरा वर्षं मी कडुनिंबाचा अर्क तेल आणि कॉस्टिक सोड्यासोबतच उकळत होतो. मिनल लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली, "बाबा, पाल्यातलं औषध तुम्ही कढईतच मारून राहिले. थंड होत आल्यावर टाका ना."

"काहून वं, दोन बुकं जास्त शिकली म्हणून मले शिकवून राहिली काय?" असं बोललो आणि चार महिने तिच्याशी अबोला धरला. प्रयागबाई म्हणे, "साबण इकता, पण मन काही धुवत नाही तुमचं."

मिनलने तिच्या रीतीने एक वडी करून, ती आणि माझी, दोन्ही वड्या तिच्या जुन्या कॉलेजात तपासून आणल्या. जंतू वाढवलेल्या बशीत माझ्या वडीभोवती नखाएवढी जागा साफ होती, तिच्या वडीभोवती रुपयाएवढी. आवळ्याचा अर्कही तिनेच सुचवला, तेव्हापासून उन्हाळ्यात वड्या खवट होत नाहीत. मी गुपचूप तिची रीत धरली, आणि धरमपेठेतल्या गिऱ्हाइकांना सांगितलं की ही माझी अक्कल. ती बाजूलाच उभी होती. गिऱ्हाइकांना वड्या बांधून देत राहिली. धंदा तिने तारला, माझी अब्रूही राखली. तोंडावर सांगायला जीभ वळत नाही, म्हणून इथे लिहितो.

३. वेष्टणावरचं माझं नाव काढून मिनलचं घालावं.

४. माझी शेवटची आंघोळ मिनलच्या साबणाने घालावी. माळ्यावर माझ्या जुन्या वड्या आहेत, त्या चुकूनही नको. तिच्या तयार वड्या सगळ्या विकल्या गेल्या. कालचा घाणा चाळीस दिवस वाळायचा आहे. ओला साबण अंगाला झोंबतो. तोवर मी थांबतो.

सही: महादेव गि. भोयर

आमच्या समोर सही केली:
आनंदराव धोंडबा राऊत, शेजारी
शामला विहंग ढोबळे, किराणा दुकानदार

ठिकाण: नागपूर
तारीख: १२ फेब्रुवारी २०२५