छत्री नसलेला माणूस

३ मार्च
सकाळी रोसारिओत उतरलो. बारा तासांच्या बसनंतरही कंबर शाबूत आहे, म्हणजे शकुन चांगला. एतेल्विनाबाईंच्या खाणावळीत वरची खोली मिळाली. खिडकीतून नदीतली मालवाहू जहाजं दिसतात. बाईंनी बॅग खाली ठेवायच्या आधीच गरम माते हातात दिली, आपला कडू पाल्याचा चहा, भोपळ्याच्या भांड्यात नळी घालून. नळीला साखर लागलेली होती, ती पुसून प्यायलो.

उद्या मुलाखत. मोठ्या मालगोदामात हत्यारांची खोली सांभाळायची. पाने, खिळे, पक्कड मी डोळे मिटून ओळखतो. पेन्शनला तीस वर्षांचा भरणा लागतो आणि माझे फक्त आठ महिने कमी पडतात. सोमवारी कामावर रुजू झालो, तर नाताळाआधी सुटलो. ही वही बहिणीने दिली. म्हणाली, तिकडे जे वाटेल ते हिच्यात लिही, फोन करून माझं डोकं खाऊ नकोस.

४ मार्च
मासिएलबाई म्हणून एक तरुण बाई होत्या. गोड बोलतात. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, असं विचारलं. मी चौसष्ट वर्षांचा. म्हटलं, जिवंत. त्यांनी ते लिहून घेतलं. पान्याबद्दल एक प्रश्न नाही. शेवटी कोरा कागद दिला आणि पावसातला माणूस काढायला सांगितला. कोपऱ्यात लहानसा काढला. चेहरा मला जमत नाही, तो सोडून दिला. आम्ही कळवू, म्हणाल्या.

संध्याकाळी एतेल्विनाबाईंनी पहिलं हेच विचारलं, की छत्री काढलीत ना. मी नाही म्हणालो.

"अहो, माणूस कुणीही काढेल. ते छत्री बघतात. छत्री नाही म्हणजे संकटात हा माणूस कोलमडणार. शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे हे. तुम्ही इतकी वर्षं काय चंद्रावर होतात?"

जेवण गेलं नाही. एका छत्रीपायी आठ महिने घालवले की काय?

११ मार्च
दुसरी फेरी. तेच प्रश्न, फक्त विचारणारा वेगळा. सहावीचा दाखला मागतात. शाळाच पुरात गेली, दाखला कुठून आणू? म्हणाले, नियम आहे.

बाहेर बाकावर ओविदिओ भेटला. क्रेन चालवायचा. त्याची ही नववी फेरी. म्हणाला, "काका, माझं लग्नसुद्धा दोन भेटींत ठरलं होतं." मी हसलो. मग त्याच्या बुटांकडे लक्ष गेलं. चिंब होते. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. विचारलं, तर त्याने पाय बाकाखाली ओढून घेतले.

पुन्हा पावसातला माणूस काढायला लावला. ह्या वेळी ही एवढी मोठी छत्री काढली. मासिएलबाई खूष झाल्या. पहिला कागद फाडून टाका, असं मी सांगितलं. म्हणाल्या, इथे काहीच टाकत नाहीत.

१९ मार्च
आज गोदामातून एक बाई घर तपासायला आली. कपाट उघडलं, पलंगाचा फोटो घेतला, मी दारू पितो का ते शेजाऱ्यांना विचारलं. हत्यारांच्या खोलीला माझा पलंग कशाला हवा?

ती गेल्यावर एतेल्विनाबाई हसत सांगत होत्या, की तिने माझी दोन्ही चित्रं समोर धरली आणि ह्या दोघांपैकी इथे कोण राहतो, असं विचारलं. बाईंनी छत्रीवाल्यावर बोट ठेवलं. तुमचं भलंच केलं, म्हणाल्या.

भलंच केलं असेल. पण उशी ओली आहे. छत कोरडं.

२६ मार्च
सहावी फेरी. ओविदिओच्या जागी कुणी नाही. बाकाखाली पाण्याचं थारोळं. लोक त्याला वळसा घालून जातात, पुसत कुणी नाही. त्याची प्रक्रिया पूर्ण झाली, एवढंच कळलं.

मासिएलबाईंनी माझी फाइल उघडली. पहिलं चित्र. मी कोपऱ्यात काढलेला माणूस आता कागदाच्या मधोमध आहे. त्याला चेहरा आहे. माझी टोपी आहे. पाऊस वाढलाय.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या चित्रातल्या माणसाची निवड झाली."

मी कधीपासून येऊ, असं विचारलं. ते सोमवारीच रुजू झाले, म्हणाल्या. मग माझं काय?

"पहिल्या चित्राचं अजून ठरायचंय. आम्ही कळवू."

३० मार्च
पेन्शनच्या कचेरीत गेलो. रांगेत चार तास. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, की माझ्या नावावर भरणा सुरू झालाय, आन्सेल्मो किरोस, कामावर हजर. क्षणभर वाटलं, करू दे त्याला काम, आठ महिने तर माझेच भरतायत. मग त्याने फोटो दाखवला. मीच. केस कोरडे, नीट विंचरलेले.

माझ्या कपाळावरून त्याच्या कागदांवर पाणी ठिबकत होतं. म्हणाला, तुमचा काय संबंध, आजोबा, बाजूला व्हा.

६ एप्रिल
मासिएलबाईंना सात वेळा फोन केला. प्रक्रिया चालू आहे. सात वेळा हेच.
बहिणीलाही केला. म्हणाली, आताच तर तुझा फोन येऊन गेला, किती आनंदात होतास — मग हा कोण बोलतोय?
अंगावर पाऊस. फक्त माझ्या.

९ एप्रिल
जिन्यात एतेल्विनाबाई. मला बघून दचकल्या. कोण हवंय, विचारलं. नाव सांगितलं. ते कामावर गेलेत, म्हणाल्या. आणि लादी पुसायला लागल्या, मी उभा होतो तिथेच —

१० एप्रिल
दार आतून लावलंय. खोलीत घोट्याइतकं पाणी.
खाली दार वाजलं. बाईंचा आवाज.
"आलात? या, माते तयार आहे. आणि आन्सेल्मो, छत्री दारातच ठेवा हो, जिन्यावर पाणी नको."
नाही ठेवली. ठिबकत येतेय. पावलं. माझ्यासारखीच, डावा पाय घासत.
शाईची अक्षरं फुटतायत. पेन्सिल आहे. ह्याच पानावर छत्री काढतो. काढता येते मला, एकदा काढलीय —
मूठ झाली. दांडा झाला.
आता वरचं