बटईच्या कोंबड्या

खुर्सीपार, भिलाई
रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजदीपदादा,
सप्रेम जयभीम.

तू बरा असशील. आमल्याची थंडी उतरली असेल आणि रेल्वेच्या मेसचं जेवण होतं तसंच असेल. मी ठीक आहे. आईचं पुढे लिहिते. पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आपला फोन होतो तेव्हा आई शेजारी असते, आणि स्पीकर लावल्याशिवाय तू बोललास असं तिला वाटतच नाही. तिच्यासमोर जे बोलता येत नाही ते लिहावं लागतंय. शाळा आपली हिंदीत झाली, ही अक्षरं कवडूआज्यानं दारात बसवून शिकवलेली, त्यामुळे चुका दिसल्या तर अर्ध्या त्याच्या नावावर घाल.

आधी कोंबड्यांचं सांगते. आपल्या घरात सध्या दुसरं काही घडतच नाही.

तू गेलास तेव्हाचं ते लहानसं खुराडं आता राहिलं नाही. आत्ताआत्तापर्यंत मोरीपासून मागच्या भिंतीपर्यंत त्यांचंच राज्य होतं. ढोलकी, मास्तरीण (ही एक पाय ओढत सगळ्यांच्या मागे तपासणीला फिरते) आणि एक कोंबडा, त्याचं नाव आईनं ठेकेदार ठेवलंय. स्वतः काही करत नाही, दिवसभर दुसऱ्यांवर ओरडतो. तांदळाची कणकी टाकताना आई त्यांच्याशी बोलायची. "का वो मास्तरीण, आज तोंड कावून पाडलं? ठेकेदार बोलला का काही?" मी चॉइस सेंटरमध्ये दिवसभर दाखल्यांचे अर्ज भरत लोकांची डोकी सांभाळून घरी यायचे, तर मला एवढंच, "आली का? हात धू." खरं सांगायचं तर मला त्या कोंबड्यांचा हेवा वाटायचा. लिहायला लाज वाटते, पण वाटायचा.

दिवाळीपासून आईला खोकला आहे, तो तुला फोनवर ऐकू येतोच. मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे कोंबड्यांमुळे आहे. पिसांची आणि विष्ठेची बारीक धूळ छातीत जाते. खुराडं झाडायचं नाही, पिल्लं पदरात घ्यायची नाहीत, खरं तर घरात ठेवायच्याच नाहीत. आई तिथे "हो जी, हो जी" करत होती. रिक्षातून उतरली ती चपलांसकट सरळ मागच्या अंगणात.

"रोडवरच्या ट्रकाले कोनी काही म्हनत नाही," मला म्हणाली, "माह्या कोंबड्याच दिसल्या डॉक्टरले."

मी तोंडाला ओढणी बांधून खुराडं झाडायला लागले. सेंटरला जायच्या आधी झाडायचं, अंघोळ करायची, कपडे वेगळे भिजवायचे. तरी आई मागून यायची. "तसं नाही झाडत, पोरी. कोपरा राहिला तो." आणि माझ्या हातातला झाडू तिच्या हातात. विकू म्हटलं, तर नाही. निदान सणावाराला एकेक कमी करू म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं जसं मी शेजाऱ्याच्या पोराबद्दल बोलले. "ज्याले नाव ठेवलं त्याले तेलात टाकत नसते."

तेव्हाच तुझा फोन आला होता. आईनं तुझ्याकडे माझी तक्रार केली आणि तू हसून म्हणालास, "राहू दे ना आई, कोंबड्यांनं का होते? करिष्मा तं आधीपासूनच घाबरट आहे." स्पीकरवर. फोन ठेवल्यावर आई कणकीचा डबा घेऊन उठली. तुला पूर्ण माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. तुझा दोष नव्हता. तरी त्या दिवशी तू समोर असतास तर मी तो डबा तुझ्यावर ओतला असता.

मग मला बटई सुचली. आपल्या लोकांत चालतेच, जनावर मालकाचं, राखण दुसऱ्याची, पिल्लं अर्धी अर्धी, पहिली निवड मालकाची. म्हणजे कोंबड्या घरातून जातील, पण राहतील आईच्याच. नाल्यापलीकडच्या चंपाकाकूंच्या घरामागे जागा आहे, त्यांनी लगेच होकार दिला. आणि दादा, आईनंही दिला. इतक्या सहज, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. टोपल्यांतून कोंबड्या नेल्या. ठेकेदार माझ्या स्कूटीवर पायाशी पिशवीत बसून अख्ख्या बाजारातून ओरडत गेला, लोक हसत होते, मीही हसले. परत येऊन अंगण धुतलं, चुना टाकला. मला वाटलं, कधी नव्हे ते माझ्या हातून एक काम नीट झालं.

काल दुपारी जेवायला घरी आले तर दाराला कुलूप. फोन आत वाजत होता. मी चंपाकाकूंकडे गेले. काकू अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या, मला बघून नजर खाली घातली. मागच्या बाजूला पत्र्याचं खुराडं आहे, आपल्यापेक्षा बुटकं, खिडकी नाही, झरोका नाही. त्यात आई वाकून बसलेली. खुडूक बसलेल्या ढोलकीची पिल्लं निघाली होती, ती पदरात घेतलेली.

"काकू, ही रोज येते का?"

"रोजच येते."

"अन् तुमी येऊ देता? तुमाले सांगितलं होतं ना मी तिच्या छातीचं?"

"बापा, मालकीन आहे ते," काकू म्हणाल्या. "बटईचा माल पाहाले मालकीन आली तं मी दार लावू का तिच्या तोंडावर? उद्या लोक म्हनतीन, चंपा पिल्लं दाबून राहिली."

बरोबर होतं त्यांचं. मी सगळा विचार केला होता, चुन्यापर्यंतचा, आणि हे एवढं माझ्या डोक्यात आलं नाही, की बटईने दिलं की मालकाचा हक्क राहतो, आणि हक्क राहिला की येणं-जाणं राहतं. आईच्या ते पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं. म्हणूनच ती भांडली नाही.

मी तिला बाहेर बोलावलं. "निवडून राहिली," ती आतूनच म्हणाली. "पहिली निवड... मालकाची..." पुढचं वाक्य झालं नाही. श्वास पुरला नाही. मी तिला हाताला धरून ओढलं आणि काकूंसमोर, शेजारच्या बायांसमोर ओरडले, "मरायचं आहे का तुले?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. जरा दम आल्यावर हळूच म्हणाली, "घरी का आहे? तू सेंटरले, तो आमल्याले. मी का पंख्याशी बोलू?"

मी तिच्या पदरातली पिल्लं खुराड्यात सोडली आणि तिला घेऊन निघाले.

घरी येताना ती नाल्याच्या पुलावर कठड्याला धरून बसली. ओठ निळसर झाले होते. तरी पहिली गोष्ट काय बोलली असेल? "राजदीपले नको सांगू. दवाखान्यातच शपथ घातली होती तुले. गाडी हाकते तो. डोक्यात माही छाती घेऊन बसला अन् सिग्नल चुकला म्हनजे?"

दादा, मी ती शपथ पाळत होते. इथवरचं पत्र वाचलंस तर तुलाही दिसेल, मी अजून खोकलाच लिहिलाय. तो खोकला नाही. तिच्या फुप्फुसात चट्टे पडायला लागलेत. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून आम्हा दोघींना दाखवलं. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. उरलेलं वाचवायचं तर पक्ष्यांची धूळ पूर्ण बंद हवी, आणि आत्ता हवी. औषधं चालू आहेत, पण ती धुळीतच बसणार असेल तर औषध काय करणार, असं ते म्हणाले. नाही थांबली, तर पुढे घरात ऑक्सिजनची मशीन लागेल. हे सगळं आईनं ऐकलंय. तुझ्यापासून लपवायचं एवढंच तिला त्यातून कळलं.

आज सकाळी मी चंपाकाकूंकडे जाऊन सांगितलं, बटई मोडा, आजपासून सगळ्या तुमच्या, आईचा काही हक्क नाही. त्यांनी मान हलवली. "तू पोरगी आहेस, बाई. गिरजाबाईनं सोतःच्या तोंडानं म्हटलं तवाच मोडते." मी आईला म्हणायला सांगितलं, तिनं कूस बदलली. जे माझं नाही ते मला देता येत नाही, आणि जिचं आहे ती माझं ऐकत नाही. ती तुझं ऐकते. "राजदीप म्हनते ठेव," एवढ्यावर तिनं एवढे दिवस काढले.

तर आता तूच म्हण. गोड बोलू नकोस, 'बघू' म्हणू नकोस. बटई मोड म्हण, आणि ती 'हो' म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस. आणि मग रोज बोल तिच्याशी. मी दुपारची सुट्टी मागणार आहे, जमेल तेव्हा घरी येईन, पण मला त्या कोंबड्यांसारखं ऐकून घेता येत नाही, मी लगेच औषध घेतलं का विचारते. तुला सुट्टी मिळाली तर ये. तिला चार दिवस कोणी तरी नुसतं ऐकायला हवंय.

पाकिटावर 'रेस्टमध्ये असतानाच उघडणे' असं लिहिलंय. ड्युटी पुढे असेल तर फोनही नंतर कर. आईची ती एक भीती खरी आहे, तेवढी मला पाळू दे.

आत्ता ती खाटेवर माझ्याकडे पाठ करून पडली आहे. मघाशी विचारलं, "कोनाले लिहून राहिली?" मी तुझं नाव सांगितलं. खोटं बोलले नाही. मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, "वेळेवर जेवत जा म्हना त्याले."

म्हणून तेही लिहिते. वेळेवर जेवत जा.

शपथ मोडलेली तुझी बहीण,
करिष्मा